मोटरसायकलची शिंगं

माझ्याकडे वायरमनचं सर्टिफिकेट होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळी मी ते कुणालाही आधीच सांगत असे. चांद्याच्या वीजघरात नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण भाड्याच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी ते काचेत बसवून टांगलं होतं, आणि सकाळी उदबत्ती ओवाळताना हात आपसूक तिथवर जायचा. अशा माणसाला जमिनीवर आणायला देव कुणाला तरी नेमतोच. माझ्यासाठी त्यानं भिंतीपलीकडचे डॉक्टर नेमले होते.

तसे ते डॉक्टर नव्हते. गुरांच्या दवाखान्यातले, गावोगाव जाऊन लस टोचणारे साधे कर्मचारी. कुणी डॉक्टर म्हटलं की न चुकता सांगायचे, "मी डाक्टर नाई रे भाऊ, मी सुई हावो. डाक्टर तिकडं खुर्चीवर बसते." पण वैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या जंगलातल्या गावांनी खुर्चीवरच्या डॉक्टरांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी हेच डॉक्टर, आणि म्हणून माझ्याही.

खाकी अर्धी चड्डी, पायात टायरच्या चपला आणि पोटाशी धोतराच्या फडक्यानं बांधलेला थर्मास. थर्मासात बर्फ, बर्फात बुळकांडीवरच्या लसीच्या कुप्या. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारीच. एका गोठ्यात शिरली की गाव रिकामं करून जायची. तो थर्मास ते खाली ठेवत नसत. चहाच्या टपरीतही पोटाशीच. पाणी भरायला निघालेल्या बाया हसून विचारत, "काऊन डाक्टर, कितवा लागला?" हे तोंड जराही न हलवता उत्तर देत, "नववा. दुपारच्या आत मोकडं व्हा लागते." यात थट्टा कमी आणि हिशेब जास्त होता. दुपारनंतर बर्फाचं पाणी व्हायचं, आणि लस बाद व्हायची.

त्यांना सगळं जग गुरांच्या नजरेनंच दिसायचं. मी खोलीत राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी चाल पाहिली. अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, "बरा हायेस. पण मान वर ठेवून चालतेस. ठेच लागन." मी त्यांना सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून मागून-पुढून पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर फोटो नाई. तुयंच हाये कशावरून?"

त्यांची एक रीत ठरलेली होती. कुठल्याही जनावराला हात लावण्यापूर्वी ते मालकाला दहा प्रश्न विचारत. काय खाल्लं, कुठं बांधलं, कुणी मारलं का. मालक बोलत असताना बघायचे मात्र जनावराकडे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "जनावर खोटं बोलत नाई. मालक बोलते. लाजेनं बोलते बिचारा, पण त्यापायी जनावर मरते." मी हे ऐकून मान डोलावली होती. चांगली डोलावली होती.

त्यांच्याकडे दवाखान्याची मोटरसायकल होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, कामठीहून आणलेली, शेवाळी रंगाची जुनी गाडी. तुम्ही-आम्ही गाडीला 'ती' म्हणतो, डॉक्टर 'तो' म्हणायचे, कारण त्यांच्या हिशेबी तो बैल होता. हँडल म्हणजे शिंगं, मागचा कॅरियर म्हणजे पुठ्ठा. सोमवारी त्याला जुंपायचं नाही असा नेम होता. सोमवारीच कुठं रोग उठला तर टाकीवर थाप मारून "आज माफ कर बाप्पा" म्हणायचं आणि मग किक मारायची. चढावर त्याचा दम लागला की खाली उतरून ते खरोखर त्याला वारा घालत. मी हसायचो. इंजिन गरम झालं की थांबावं हेच तर पुस्तकात लिहिलेलं असतं, हे माझ्या लक्षात यायला पुढं पुष्कळ वर्षं गेली.

त्यांचा उजवा खांदा अस्वलानं फोडला होता. मोहफुलांच्या दिवसांत सकाळी सकाळी एका गावाला जाताना ते झाडाखाली जरा टेकले, आणि फुलं वेचायला अस्वल आलं. जखम भरली, पण हात कंबरेच्या वर उठेना. याबद्दल त्यांनी अस्वलाला कधी दोष दिला नाही. "झाड त्याचं होतं ना. मीच जाऊन बसलो त्याच्या ताटात." जेवण, सुई, गाडीची मूठ पिरगळणं, सगळं त्या हातानं जमायचं. एकच गोष्ट जमेना, आणि तिच्यातच सगळं अडलं.

तेव्हा मोटरसायकलींना वळणाचे दिवे नसत. उजवीकडं वळायचं तर उजवा हात आडवा काढायचा, डावीकडं वळायचं तर तोच हात गोल फिरवायचा. लायसन नवं करून घ्यायची वेळ आली, नागपूरहून लायसनचे साहेब दौऱ्यावर आले, आणि त्यांनी डॉक्टरांना हात काढायला सांगितला. हात निघाला नाही. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मोठ्या मोटारींना असतात तसे वळणाचे दिवे बसवून घ्या. पुढच्या दौऱ्यात पाहीन. तोवर लायसन नाही."

लायसन नाही म्हटल्यावर दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी गाडीची किल्ली कपाटात टाकली. डॉक्टर बंडीनं निघाले. बैलबंडी ती, तिची चाल ती किती. नदीपलीकडच्या एका गावी बर्फ घेऊन पोचले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि थर्मासात नुसतं कोमट पाणी डुचमळत होतं. टोचून उपयोग नव्हता. ते तसेच परत आले. थर्मास मात्र रिकामा असला तरी पोटाशीच होता.

आता तुम्हीच सांगा, शेजारी सर्टिफिकेटवाला वायरमन असताना हे कसं चालायचं? मी छाती ठोकून म्हणालो, "डॉक्टर, दिवे मी बसवतो."

आणि बसवले. चार जुन्या टॉर्चची तोंडं कापली, काचेखाली संत्र्याच्या गोळ्यांचा नारिंगी कागद लावला. दोन दिवे पत्र्याच्या पट्ट्यांनी हँडलच्या दोन टोकांना, दोन मागं कॅरियरला. दिवा उघडझाप करणारी एक डबी असते, ती नागपूरच्या भंगारातून, एका लष्करी ट्रकमधून काढून आणली. बटण दाबलं, डबी टिक-टिक करू लागली आणि उजवे दोन्ही दिवे डोळे मिचकावू लागले. डॉक्टरांनी पळत जाऊन दवाखान्यातली नळी आणली, कानाला लावली आणि दुसरं टोक डबीवर ठेवलं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "नाडी चांगली हाये." त्या दिवशी चांद्यात माझ्याएवढा मोठा माणूस दुसरा नव्हता.

पण हे दिवे का लागले, ते मला माहीत नव्हतं. घराच्या वायरिंगला दोन तारा असतात, एक जायची आणि एक यायची. गाडीत जायची तार तेवढी असते. परत यायचा रस्ता गाडीच्या लोखंडी अंगातून. पट्टी लोखंडाला टेकली, लोखंड इंजिनाला, इंजिन बॅटरीला, असा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही घेतले होते. समजलं तेवढं नव्हतं.

साहेबांचा दौरा पोळ्यापासून तिसऱ्या दिवशी ठरला. म्हणजे पोळा, मग लेकरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला परीक्षा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात. डॉक्टरांनी मोटरसायकलचे शेकले. मग दिव्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आणि माझ्याकडे वळून, "शिंगं तू रंगव. आता तुयाच हाताचे दिवे त्याची शिंगं हायेत. पण एक ध्यानात ठेव, बूड सोडून रंगवजो. शिंगाच्या बुडाले रंग लागला का जनावर बेजार होते."

मी हो म्हणालो आणि मनात हसलो. लोखंडाच्या शिंगाला कसलं आलं बूड! शिवाय मला अर्धवट काम आवडत नाही. सगळे दिवे काढले, हँडल टोकापासून टोकापर्यंत लालभडक रंगवलं, पट्ट्या निळ्या केल्या, कॅरियर पिवळा केला, नट-बोल्टसुद्धा रंगाच्या डब्यात बुडवून काढले. दोन हात दिले. वाळल्यावर सगळं पुन्हा आवळून बसवलं. असा देखणा बैल पंचक्रोशीत नव्हता.

पोळ्याच्या दिवशी किल्ली नसल्यामुळे गाडी हातानंच हाकत तोरणाखाली नेली. खऱ्या बैलांच्या रांगेत ती उभी, गळ्यात घुंगरमाळ, हँडलला बेगड. कुणी हसलं, कुणी पाया पडलं. घरी आणून डॉक्टरांनी टाकीला पुरणपोळीचा घास टेकवला आणि म्हणाले, "लाव रे दिवे, लोकं पाहून राह्यले."

मी ऐटीत बटण दाबलं. काहीच झालं नाही. दुसरीकडं दाबलं, तिकडंही नाही. डॉक्टरांनी नळी लावली. "नाडी नाई," म्हणाले. मग मालकाला विचारतात तसं मला विचारलं, "बूड सोडलं होतं ना?"

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. मी म्हणालो, "हो, सोडलं होतं."

रंगाचा आणि दिव्याचा काही संबंध असेल हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीत सांगितलेलं ऐकलं नाही, हे लोकांपुढं कबूल करायचं नव्हतं, एवढंच. लाजेनं बोललो. डॉक्टर बघत होते गाडीकडे.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, नदीपलीकडच्या त्याच गावाहून एक म्हातारा चालत आला आणि आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या गावात बुळकांडी घरोघर फिरत होती. त्याची एक जोडी अजून उभी होती. "औंदा आमच्या गावात तोरनच नाई बांधलं," तो म्हणाला. "बांधून कोनाले उभं करता?"  दर घंट्याला अंगणात येऊन माझ्याकडे पाहायचा आणि विचारायचा, "लागला का जी दिवा?"

लागत नव्हता. मी तार बदलली. बटण उघडून घासलं. बल्ब बदलले. डबी हलवली, ठोकली, फुंकली. बॅटरीची टोकं चिंचेनं उजळून काढली. भिंतीवर कोळशानं नकाशा काढला आणि म्हाताऱ्याला व्होल्टेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग लागन का?"

गंमत अशी की दिवा पट्टीतून सोडवून, हातात धरून, त्याचं बूड इंजिनावर टेकवलं की लख्ख लागायचा. मी आनंदानं ओरडायचो, पुन्हा जागेवर आवळायचो, की मेला. असं मी सात वेळा केलं. रस्त्यावरून पोरं लाकडी बैल ओढत जात होती, माझ्या कसरतीसाठी थांबत होती. सातव्या खेपेनंतर मी जाहीर केलं की नागपूरचीच डबी खोटी निघाली. माझं सोडून सगळ्यांचं चुकलं होतं.

परीक्षेच्या सकाळी दहाच्या सुमाराला डॉक्टर बर्फाच्या कारखान्यातून थर्मास भरून आले. कुप्या आत होत्या. लायसन मिळालं तर तिथूनच निघायचं, नाही मिळालं तर ते बर्फही पाणी व्हायचं. मी आठव्यांदा दिवा इंजिनावर टेकवला, लागला. डॉक्टर उकिडवे बसून पाहत होते.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

मी जागेवर बसवला; विझला. काढून टेकवला, लागला.

"बाहेर सोडलं तं चरते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गोठ्यात बांधलं तं तोंड फिरवते. मंग दुखनं गाईत नाई, वायरमन. तू गाईलेच औषद पाजून राह्यला. गोठा पाह्य."

मी गोठा पाहिला. निळी पट्टी, लाल हँडल, मधे दोन हातांचा तुकतुकीत रंग. रंगातून वीज जात नाही, हे पहिल्या धड्यात असतं. परत यायचा रस्ता मीच स्वतःच्या हातानं, ब्रशनं, दोनदा बंद केला होता. कान तापले. म्हातारा ओट्यावरून उतरून जवळ येऊन उभा होता. डॉक्टरांना काही सांगितलं नाही तरी चालण्यासारखं होतं. गुपचूप खरवडून "सापडला फॉल्ट" म्हणता आलं असतं. सर्टिफिकेटवाले असंच करतात. पण त्या म्हाताऱ्यानं तेवढ्यात विचारलं, "लागला का जी?"

"डॉक्टर," मी म्हणालो, "बूड नाई सोडलं. खोटं बोललो मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रथमच गाडीकडे न बघता माझ्याकडे. मग पिशवीतून गुरांचे खूर तासायची सुरी काढली आणि माझ्यापुढं धरली. "खरवड."

एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चारही दिव्यांची बुडं, पट्टी टेकते ती जागा, पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडली. हँडलचा लाल रंग, पट्टीचा निळा, बोल्टांचा पिवळा, सगळा माझ्या मांडीवर पडत होता. बटण दाबलं. टिक-टिक सुरू झाली. डॉक्टरांनी नळी स्वतःच्या कानाला न लावता माझ्या कानाला लावली आणि दुसरं टोक डबीवर ठेवलं. इतका मोठा आवाज असतो ते मला माहीत नव्हतं.

मोठ्या साहेबांनी कपाटातून किल्ली काढून दिली. मैदानात लायसनच्या साहेबांनी शिट्टी वाजवली, डॉक्टर निघाले. "उजवीकडं," साहेब ओरडले. दोन नारिंगी दिवे उघडझाप करू लागले. आणि त्याच वेळी डॉक्टरांचा उजवा हातही मुठीवरून सुटून उठायला लागला. जुनी सवय. कंबरेपर्यंत आला, तिथं अडला, आणि पुन्हा मुठीवर गेला. साहेबांनी ते पाहिलं. डावीकडं वळायला त्यांनी सांगितलंच नाही, तिथंच कागद काढून सही केली. मग रंगाचे ओरखडे निघालेलं हँडल पाहून विचारलं, "वायरिंग कुणी केलं?"

डॉक्टरांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "हा आमचा वायरमन. सर्टिफिकेट हाये त्याच्यापाशी." थट्टा नव्हती त्यात. मला रडू आलं, ते मी पेट्रोलच्या वासावर ढकललं.

पाच मिनिटांत म्हातारा मागं बसला, थर्मास दोघांच्या मधे, आणि गाडी निघाली. जटपुरा वेशीच्या वळणावर रस्त्यात एक शेळी होती, दुसरं कुणी नव्हतं. तरी डॉक्टरांनी दिवा दाखवला.

तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा दाढी वाढलेली आणि थर्मास रिकामा. "जोडी वाचली," म्हणाले आणि झोपले. सगळीच गुरं वाचली नव्हती. कोणती नाही वाचली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण बंडीनं पोचलेलं ते कोमट पाणी आणि माझ्या खोट्यापायी पाणी व्हायला निघालेला तो बर्फ, हे दोन्ही मला तेव्हापासून शेजारी शेजारीच आठवतात. एक अस्वलामुळं झालं होतं. दुसऱ्याला अस्वलही नव्हतं.

मी सर्टिफिकेट देवांच्या रांगेतून काढून दाराच्या मागं लावलं. डॉक्टर एकदा आले, दार लोटलं, ते पाहिलं, आणि म्हणाले, "आता मान बरी झाली." घडल्या गोष्टीवर ते एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खांदे शेकले, आवतन दिलं, आणि रंगाचा डबा पुन्हा माझ्याच हाती ठेवला. मला वाटलं, समोर बसून लक्ष ठेवतील. ते ओट्यावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले आणि विडी पेटवली. मी चारही बुडं बोटभर सोडून, श्वास धरून रंगवलं. दिवे आवळले, हात पुसले.

पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "बूड सोडलं ना?"

"सोडलं," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले, आणि विडी ओढत राहिले. उठून पाहायला आले नाहीत. मीच मात्र झोपण्याआधी कंदील घेऊन तीनदा पाहून आलो.